उतरायचं की नाही : वेल्सच्या किनाऱ्यावरचे सोळा दिवस

निघायच्या दिवशी सकाळीसुद्धा मी एका विहिरीत होतो. चिमठाण्याकडच्या एका शेतकऱ्याची पाणबुडी मोटार दोर तुटून तळाला गेली होती, आणि माझी बॅग भरून दारात ठेवलेली असताना त्याचा फोन आला. शिंदखेड्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, पण पंचक्रोशी मला ओळखते ती बुडी मारून मोटारी काढणारा दिलीप म्हणून. दम धरून खाली जायचं, चाचपडत कडीला दोर बांधायचा, वर यायचं. तीस वर्षं हेच करतो आहे. तिसऱ्या बुडीत कडी हाताला लागली. वर आलो तर काठावर माझी बायको मंगला उभी.

“विमान काय तुमचे केस सुकायची वाट पाहणार आहे?” असं म्हणत तिने टॉवेल फेकला. मी ओल्या केसांनीच धुळ्याच्या गाडीत बसलो.

हा प्रवास घडला तो माझ्या सिंधूअक्कामुळे. अक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. नर्सिंग शिकली, नोकरीसाठी ब्रिटनला गेली, आणि वेल्स या पश्चिमेकडच्या प्रांतातल्या एका इस्पितळात तिने तीस वर्षं काढली. भाऊजी जाऊन आठ वर्षं झाली, मुलगा स्कॉटलंडात. पन्नाशी उलटल्यावर तिला एक वेगळाच नाद लागला. समुद्रात बुडी मारून भाल्याने मासे मारायचे. पाठीवर हवेची टाकी वगैरे काही नाही, छातीत मावेल तेवढाच दम. रबराच्या ताणावर भाला सोडणारी एक लांबट बंदूक असते, ती हातात. घरात आम्ही कुणीच हे फारसं मनावर घेतलं नव्हतं. मग उन्हाळ्यात तिचा फोन आला.

“भाऊ, तू ये ना इकडे. माले पानीमा जोडीदार पाहिजे.” (मला पाण्यात जोडीदार हवा आहे.)

या खेळात एकट्याने उतरायचं नसतं, हे तिने तेव्हाच सांगितलं. एक खाली गेला की दुसऱ्याने वर तरंगत त्याच्यावर नजर ठेवायची. तिची नेहमीची जोडीदारीण आता उतरू शकत नव्हती. मी म्हटलं, “अक्का, समुद्र मी अलिबागला पाहिलेला, तोही गुडघ्यापर्यंत.” ती म्हणाली, “पोहणं तुला मीच शिकवलंय ना? मग ये.”

लंडनच्या विमानतळावर तपासणीच्या बाईंनी माझ्या बॅगेतली काळ्या मसाल्याची पुडी वर धरली. “हे काय आहे?” मी म्हटलं, “मसाला. सिस्टर.” त्यांनी पुडी नाकाजवळ नेली, लागोपाठ तीन शिंका दिल्या आणि मला जायला सांगितलं.

पुढे आगगाडीने पाच-सहा तास. जसजसं पश्चिमेला जावं तसतशी स्थानकांच्या पाट्यांवरची नावं लांबत गेली आणि डब्यातली माणसं कमी होत गेली. हॅवरफर्डवेस्ट नावाच्या स्थानकावर अक्का उभी होती. केस पूर्ण पांढरे, खांदे मात्र आखाड्यातल्या माणसासारखे.

“काय भाऊ, बरा शे ना? देखतस काय, बस गाडीमा.” (बरा आहेस ना? बघतोस काय, बस गाडीत.)

रस्ते इतके अरुंद की दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या असत्या तर एकीला मागे जावं लागलं असतं. दोन्ही बाजूंना दगडमातीचे उंच बांध, त्यावर झुडपं. रस्त्यावर जागोजाग पांढऱ्या अक्षरांत ‘अराव्ह’ (हळू) लिहिलेलं. अक्का ते वाचायची आणि वेग वाढवायची. मग एका वळणावर बांध संपला आणि डाव्या हाताला समुद्र दिसला. खाली काळे कडे, वर हिरवंगार गवत, गवतावर मेंढ्या, आणि त्यापलीकडे नुसतं करडं पाणी. मी म्हटलं, “आजच उतरू या का?”

अक्का हसली. “आधी ग्वेनला विचारावं लागेल.”

ग्वेन हीच ती जोडीदारीण. वय सत्तरीच्या पुढे, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली. कानाच्या आतल्या बाजूला काही बिघाड होऊन तिचा तोल जायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी बस आणि बुडी दोन्ही एकाच दिवशी बंद केली. ती अक्काच्या शेजारीच राहते. तिच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक चिकटवलेलं आणि टेबलावर काचेखाली किनाऱ्याचा मोठा नकाशा. माझा हात तिने इतका जोरात दाबला की अंगठी रुतली. तिचं इंग्रजी वेल्श वळणाचं, माझं शिंदखेड्याचं; मध्ये अक्का दुभाषी.

“विचार त्याला,” ग्वेन म्हणाली, “कुठे उतरावं हे कसं ठरवतो?”

मी म्हटलं, “जिथे मोटार पडली असेल तिथे.”

ती खूप हसली, आणि मग तिने मला नकाशासमोर बसवलं. पहिली गोष्ट वारा. किनाऱ्याचा हा भाग वायव्येकडे तोंड करून आहे; वारा दक्षिणेकडून जमिनीवरून आला तर कड्यांच्या पायथ्याशी पाणी शांत, समुद्रावरून आला तर घरी बसायचं. दुसरी गोष्ट लाट. इथे वारा नसला तरी दूर अटलांटिकात कुठे वादळ झालं असेल तर त्याची लाट दोन दिवसांनी इथे येते आणि तळ ढवळून टाकते. तिसरी गोष्ट भरती-ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याला ओढ जबरदस्त. अष्टमीच्या सुमाराला सगळ्यात कमी. कोकणात त्याला भांग म्हणतात, हे खान्देशातल्या मला वेल्समध्ये जाऊन कळलं. आणि त्या दिवसातही भरती संपून ओहोटी लागण्याच्या मध्ये पाणी जरा वेळ थबकतं, ते गाठायचं. शिवाय पाऊस पडून गेला असेल तर ओढ्याच्या मुखाशी जायचं नाही, गढूळ पाण्यात मासा दिसत नाही.

“आणि मासे?” मी विचारलं.

“मासे शेवटी,” ग्वेन म्हणाली.

पुढचे चार दिवस आम्ही फक्त पाणी पाहिलं. अक्काच्या जुन्या गाडीत मागे भालाबंदुका, वजनासाठी कमरेला बांधायचे शिशाचे पट्टे, काळे रबरी वेटसूट, आणि पुढे आम्ही तिघं. एका बंदराशी गेलो तर आदल्या रात्रीच्या पावसाने पाणी चहासारखं. एका वाळूच्या किनाऱ्यावर लाटा सर्फिंगच्या फळीवरच्या पोरांना उचलून आपटत होत्या. स्ट्रम्बल हेड नावाच्या टोकावर पांढरं दीपगृह आहे. तिथे उन्हात समुद्र इतका देखणा दिसत होता की मी चपला काढल्या. ग्वेनने काठीने खाली दाखवलं. वारा नव्हता, तरी टोकाला वळसा घालताना पाणी नदीसारखं धावत होतं, मध्ये भोवरे फिरत होते.

“हे फक्त पाहायचं,” ती म्हणाली.

मी गाडीत बसताना पुटपुटलो, “सात समुद्र ओलांडून आलो आणि पाय ओला नाही.” अक्काने ऐकलं. “पानी देखाले शिक, भाऊ.” (पाणी पाहायला शिक.) मला राग आला. पाणी पाहायला मी काय कालचा पोरगा होतो?

बाकी दिवस मजेत जात होते. एका दुकानात कांद्यासारखं काहीतरी विकत घ्यायला गेलो आणि लीक नावाची गवताची जुडी घेऊन आलो. अक्काने तिचंच पिठलं केलं. ग्वेनने नाश्त्याला ‘बारा लौर’ (समुद्रातलं शेवाळ शिजवून केलेली काळपट गरगट) खाऊ घातलं. दिसायला गटार साफ केल्यासारखं, चवीला मात्र चाकवताच्या जवळचं. मी वर ठेचा घेतला. ग्वेननेही घेतला, आणि ती बराच वेळ वेल्शमध्ये देवाचं नाव घेत राहिली.

पाचव्या दिवशी वारा दक्षिणेचा झाला. अबरकॅसल नावाची एक छोटी खाडी आहे. आत होड्या, तोंडाशी एक बेट, दोन्ही बाजूंना खडक. ग्वेन कड्यावर घडीची खुर्ची टाकून दुर्बीण घेऊन बसली. तिचा नियम ठरलेला. आम्ही पंधरा मिनिटं दिसलो नाही तर ती किनारा रक्षकांना फोन करणार.

वेटसूट अंगात चढवायचा म्हणजे आधी आत साबणाचं पाणी ओतायचं. तरी माझ्या पोटाशी येऊन तो थांबला. अक्का आणि ग्वेन दोघींनी मिळून मला त्यात कोंबलं. पाण्यात शिरलो, आणि मानेतून आत गेलेल्या थंडीने माझ्या तोंडून आईचं नाव निघालं. मग डोळ्यांवर काच लावून मान खाली घातली.

विहिरीत आम्हाला दिसतं ते हिरवट अंधारातलं दोन हात. इथे खाली जंगल होतं. केल्पची (समुद्री वनस्पतींची) तपकिरी, चामड्यासारखी लांब पानं सगळी एका बाजूला झुकायची, मग सगळी दुसऱ्या बाजूला. खडकाच्या कपारीत एक कोळ्यासारखा खेकडा पाय दुमडून बसलेला. मधूनच चांदीची धूळ उडावी तशी बारीक पिलं. अक्का माझ्या शेजारी तरंगत होती. तिने दम भरला, कंबरेत वाकली आणि आवाज न करता खाली गेली. अठ्ठावन्न वर्षांची माझी बहीण पानांमध्ये शिरली आणि तिथे पडून राहिली, शेतात पाखरं राखायला बसावं तशी. मी वरून पाहत होतो. ती वर आली, दोन मोठे श्वास घेतले आणि अंगठा-तर्जनीची गोल खूण केली. आता माझी पाळी.

चारपाच बुड्या छान झाल्या. दम माझा तिच्यापेक्षा जास्त टिकत होता, आणि ते मला फार आवडत होतं. सहाव्या बुडीत एक मोठा मासा दिसला. बॅस जातीचा, चंदेरी पाठ, मांडीएवढा. म्हणजे मला तसा वाटला. पाण्यात सगळं मोठं दिसतं हे अक्काने सांगितलं होतं, आणि भाल्याने मारलेला मासा लहान निघाला तर परत सोडता येत नाही, म्हणून आधी डोळ्यांनी नीट मोज, हेही सांगितलं होतं. मी काही मोजलं नाही. तो टोकाच्या खडकाकडे सरकला, मी त्याच्या मागे. त्याने वळण घेतलं, मीही घेतलं. भाला सोडला, तो केल्पमध्ये रुतला. भाला ओढून काढला, बंदूक पुन्हा भरली, वर आलो, मासा शोधला. मग डोकं वर काढून पाहिलं तर खाडी दिसेना.

टोकाच्या बाहेर आलो होतो आणि कडा माझ्या बाजूने सरकत होता. मी हात मारले. कडा सरकतच राहिला. जोरात मारले. विहिरीला काठ असतो. कुठेही गेलात तरी चार हातांवर दगड लागतो. इथे काठ पळत होता.

“बंदूक खाली कर!”

अक्का पोहोचली होती. तिच्या मागे दोरीने ओढत आणलेली नारिंगी बोया, वर छोटा झेंडा. “रबर काढ आधी. भरलेली बंदूक घेऊन कोठे जास?” मी रबर उतरवलं. “आता बोया धर. उलट पोहायचं नाही. ते नेतंय तिकडे जाऊ, फक्त हळूहळू जमिनीकडे. गप्पा मार माझ्याशी.”

“काय गप्पा मारू?”

“मंगलाने येताना काय दिलंय ते सांग.”

मग मी त्या करड्या समुद्रात, दातांवर दात आपटत, बिबड्या, कुरडया, शेवया, आंब्याचं लोणचं, अशी यादी म्हणत पोहलो. तिचा आवाज वॉर्डातल्यासारखा शांत होता. किती वेळ गेला कळलं नाही. पुढचा मोठा गोट्यांचा किनारा, अबर मौर, समोर उघडला आणि आम्ही ओणवे होऊन बाहेर आलो.

एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला फिरवत होते. अक्काने त्यांच्याकडे फोन मागितला. बोयावरचा झेंडा ग्वेनला दुर्बिणीतून बराच वेळ दिसत होता; तो दिसेनासा झाल्यावर ती किनारा रक्षकांचा नंबर लावायच्या बेतातच होती. फोनमधून तिचा आवाज मलाही ऐकू आला. भाषा कळली नाही, अर्थ कळला.

“छान दिवस आहे पोहायला,” गृहस्थ मला म्हणाले.

मी म्हटलं, “येस.” आणि त्यांच्या कुत्र्याने माझा हातमोजा पळवला.

गाडी तिकडे, ग्वेनला चालवायची बंदी, त्यामुळे आम्ही कड्यावरच्या पायवाटेने चालत निघालो. ओले वेटसूट, हातात पोहण्याचे पंख, पायात रबरी मोजे, वर बोचरा वारा. मेंढ्या चरायचं थांबवून पाहत होत्या. अक्का तासभर माझ्यापुढे चालत राहिली. गाडीशी पोहोचल्यावर फक्त म्हणाली, “वर मी कोणावर नजर ठेवत होते, सांग? पाण्यावर?”

दुसऱ्या दिवशी अक्का बाजारात गेली असताना ग्वेनने मला बोलावलं. मला वाटलं, बोलणी बसणार. तिने चहा दिला आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मे महिन्यात अक्का एकटीच जाऊन उतरली होती. ग्वेनला कळलं ते अंगणात वाळत घातलेल्या वेटसूटवरून. दोघींचं जोरात भांडण झालं. “मी तिला म्हटलं, तुझ्या भावाला बोलाव. नाहीतर मी तुझी बंदूक समुद्रात फेकीन.” तिने माझा कप पुन्हा भरला. “काल तुझ्यावर रागावले. पण तू नसतास तरी ती गेली असती. ते जास्त वाईट.”

संध्याकाळी अक्का वांगं भाजत होती. मी सरळ विचारलं, “अक्का, तू एकटी गयथी?”

ती वांगं फिरवत राहिली. “वीस मिनिटं.”

“वीस मिनिटं म्हणजे काय कमी झाली?”

“नाही.” तिने गॅस बारीक केला. “तीस वर्षं वॉर्डात घंट्या ऐकल्या, भाऊ. कुणाचं सलाइन संपलं, कुणाला उलटी. नोकरी सुटली तरी घरात बसले की मला घंटा वाजल्यासारखी वाटते. पाण्याखाली वाजत नाही. एवढंच आहे. त्या दिवशी सकाळी पाणी फार चांगलं होतं.”

काल मी एका माशामागे गेलो होतो, त्याला तेवढंही कारण नव्हतं. मी कांदा चिरायला घेतला. त्या दिवशीचं भरीत तिखट झालं होतं, त्यामुळे दोघांच्या डोळ्यांना पाणी आलं तरी चालून गेलं.

त्यानंतर मी खरोखर पाणी पाहायला बसलो. रोज सकाळी ग्वेनच्या शेजारी, कड्यावर. ती विचारायची, मी सांगायचो. फेसाची रेघ कुठून कुठे जाते आहे, खेकड्याच्या पिंजऱ्यांच्या बोया कोणत्या बाजूला कलल्या आहेत, सातवी-आठवी लाट बाकीच्यांपेक्षा किती मोठी. चूक झाली की ती काठी आपटायची. बाराव्या दिवशी, अष्टमी जवळ आल्यावर, पुन्हा अबरकॅसलला उतरलो. यावेळी मी बंदूक घेतलीच नाही. अक्का खाली, मी वर. तिच्या पंखांवर नजर, दुसरीकडे कुठेही नाही. एक सील (समुद्रातला केसाळ, मिशाळ प्राणी) माझ्या पायाशी येऊन हुंगून गेला, तरी मान वळवली नाही. हे मी मोठ्या अभिमानाने सांगतो, कारण फार अवघड होतं.

तासाभराने अक्का वर आली तेव्हा तिच्या भाल्यावर पोलॅक नावाचा मासा होता. ऑलिव्ह रंगाचा, मोठ्या डोळ्यांचा, हातभर लांब. त्या दिवशी तिने आणखी एकही मारला नाही. “तिघांना पुरतो ना? मग झालं.” हा मासा विकायचा नाही, घरी खायचा. घरी काळा मसाला भाजून, सुकं खोबरं वाटून झणझणीत रस्सा केला. ग्वेनने अनुभवावरून आधीच दुधाचा पेला जवळ ठेवला होता. दोनदा रस्सा घेतला. “दिओल्ख (आभार),” ती मला म्हणाली, “मासा पकडणारीपेक्षा तिच्यावर नजर ठेवणाऱ्याचे जास्त.”

अक्काचं मन एका जागेवर होतं. किनाऱ्यापासून जरा बाहेर पाण्याखाली एक खडक आहे, ओहोटीतही न दिसणारा. ग्वेन आणि ती वर्षातून एखाद्या वेळी तिथे जात. वारा नको, लाट नको, भांगाचं पाणी हवं, आणि तेही थबकलेलं. हे सगळं एकत्र यायला क्वचितच जमतं. माझ्या परतीच्या आदल्या दिवशी ते सगळं एकत्र आलं. ग्वेनने वेळापत्रक तीनदा पाहिलं आणि म्हणाली, “अकराला. अर्धा तास मिळेल. जा.”

मला मात्र दोन दिवसांपासून सर्दी होती. कड्यावर रोज वाऱ्यात बसून ती लागली. रात्री उजवा कान बंद झाला. खाली जाताना नाक दाबून कानात हवा भरावी लागते. कान उघडला नाही तर पडदा फाटतो. हे मला समुद्राने नाही, विहिरींनीच शिकवलेलं. सकाळी मी न्हाणीघरात वाफ घेतली. गाडीत मागे बसून, खिडकीकडे तोंड करून, नाक दाबून पाहिलं. काही नाही. पुढे अक्का गुणगुणत होती. मी ठरवलं, बोलायचं नाही. मला खाली कुठे जायचं आहे? मी वर राहीन.

किनाऱ्यावर पोहोचलो. समुद्र खरोखर ताटात ओतल्यासारखा होता. खालचे दगड वरून मोजता येत होते. अक्काने वेटसूटमध्ये साबणपाणी ओतलं, एक हात आत घातला. आणि मला ती पानांमध्ये पडून राहिलेली आठवली. ती जर खाली राहिली, वर आलीच नाही, तर मला काय करायचं होतं? वर राहून बघत बसायचं?

“अक्का, माझा उजवा कान बंद शे.”

तिचा हात आतच थांबला. “कधीपासून?”

“रात्रीपासून.”

“आणि आते सांगस?”

“हो.”

तिने समुद्राकडे पाहिलं. मग म्हणाली, “तू वर थांबशील ना नुसता.” तो प्रश्न नव्हता.

“तुला काही झालं तर मला खाली यावं लागेल. मी येऊ शकणार नाही. आज नही, अक्का.”

तिने वेटसूट काढला. तो जमिनीवर आपटला, साबणाचं पाणी माझ्या पायांवर उडालं. ती दगडांवरून चालत लांब गेली आणि पाठ करून बसली. ग्वेन खुर्ची उघडून बसली आणि तिने समुद्राकडे बोट दाखवलं. पाण्यावर एक सुरकुतीसुद्धा नव्हती. अकरा वाजले. खडकाच्या जागी पाणी थबकलं, आणि थोडा वेळ सगळं तसंच राहिलं. कुठून लाट आली नाही, वारा फिरला नाही. आम्ही गेलो असतो तर बहुतेक काहीच झालं नसतं. हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि तेच सोसवत नव्हतं.

बारा वाजता अक्का परत आली. डबा उघडला, भाकरी काढली, तिच्यावर ठेचा ठेवून माझ्या हातात दिली. “खाई ले. सर्दीत उपाशी राहू नये.” मग ग्वेनला इंग्रजीत काहीतरी म्हणाली. ग्वेन हसली. मी विचारलं, काय म्हणालीस? “म्हटलं, सहा वर्षांनी लहान आहे आणि मला पाण्यातून बाहेर काढतो.” दुपारभर आम्ही तिथेच बसून होतो. समुद्र तसाच सपाट राहिला.

दुसऱ्या दिवशी अक्का मला स्थानकावर सोडायला आली. गाडी हलल्यावर तिने अंगठा-तर्जनीची गोल खूण केली. मीही केली.

शिंदखेड्याला आल्यावर लोक दुकानात येऊन विचारायचे, “काय दिलीपभाऊ, किती मासे मारले?” मी म्हणायचो, “एकही नाही.” मग सील, मेंढ्या, कुत्र्याने पळवलेला हातमोजा, हे सगळं सांगायचो, आणि लोक खूश व्हायचे. शेवटच्या दिवसाची गोष्ट सांगितली की मात्र ऐकणारा वाट पाहायचा. पुढे काय झालं? काही नाही झालं. मग तो मोटारीचं विचारायचा. तेव्हा मला वाटायचं, खरंच, या प्रवासात मी सगळ्यात मोठं जे केलं ते दिसण्यासारखं नाहीच. आपण न उतरल्यामुळे काय टळलं, हे कुणालाच कधी कळत नाही. मलाही कळणार नाही.

महिन्याभराने एका रविवारी अक्काचा फोन आला. वाऱ्याचा आवाज येत होता. ती कड्यावरच होती. ग्वेन आजारी, घरी झोपलेली. अक्का एकटी.

“भाऊ, आज पानी असं शे की काय सांगू,” ती म्हणाली. “तळ दिसतोय. गाडीत सगळं सामान आहे.”

मी हातातला पाना खाली ठेवला.

“सकाळपासून बसले आहे. बघून झालं.” तिने नाक ओढलं. “आता घरी जाते. ग्वेनला सूप न्यायचंय.”

मग गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, आणि इंजिन सुरू होईपर्यंत मी फोन कानाला धरून ठेवला.